सत्तावीस नंबरचं जहाज

“आता एकच राहिला,” पोह्यांवर लिंबू पिळत राखी म्हणाली, आणि माझ्या हातातला चहा बशीत सांडला. घडलं ते एवढंच. चंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, माझ्याकडे न बघताच फडकं पुढे केलं. माझ्या हातून काही ना काही सांडतच असतं अशी तिची समजूत आहे आणि ती चुकीची नाही. पण कशातला एक राहिला ते मला लगेच कळलं होतं. ‘अंतरिक्ष बेडा’ची पहिली मालिका, सव्वीस भाग. बारावीची आणि तिच्या मागून आलेल्या सगळ्या प्रवेशपरीक्षा संपल्यावर राखीनं गेल्या रविवारी पहिला भाग लावला आणि रोज चार-चार करत काल पंचविसाव्यावर आली. आठवडाभर मी काही ना काही निमित्त काढून त्या खोलीतून उठत होतो. “दुपारी लावू,” ती म्हणाली. “तुम्ही, मी आन् आजोबा. आजोबा अकराच्या गाडीनं येऊन राह्यले ना? शेवटचा तुमच्यासंगं पाहायचा म्हनून मी काल रोखून धरला पप्पा, नाहीतर कालच झाला असता.” मी बरं म्हणालो. दुसरं काय म्हणणार? मग चहा संपल्यावरही थोडा वेळ रिकामा कप तोंडाला लावत राहिलो.

परक्या माणसाला हे सांगायचं तर जरा लाजच वाटते, पण पुसदमध्ये मला ओळखणारे जे थोडे लोक आहेत ते बेड्यावाले सर म्हणूनच ओळखतात. मी एका कॉलेजात मुलांना कॉम्प्युटर शिकवतो, एक्केचाळीस वर्षांचा आहे, बी.पी.ची गोळी घेतो, आणि ‘अंतरिक्ष बेडा’च्या चाहत्यांचा जो देशभरचा ऑनलाइन ग्रुप आहे त्याच्या चालकांपैकी एक आहे. तिकडे परदेशात हे प्रकरण तीसेक वर्षं चालू आहे. पाच मालिका, तीन सिनेमे, लहान मुलांसाठी एक कार्टून. नट म्हातारे झाले, दोघेतिघे वारले, कप्तान बदलले, पण बेडा थांबला नाही. कुठल्या भागात कुठलं जहाज कुठल्या बाजूनं येतं हे मला झोपेतून उठवून विचारा. गोष्ट अगदी साधी आहे. एक ग्रह विझतो, आणि तिथले लोक एक्केचाळीस जहाजांत संसार भरून निघतात; जहाजांचा तो ताफा म्हणजेच बेडा. मुक्कामाला जागा कुठेच नाही. एका ठाण्यावर धान्य भरायचं, दुसऱ्यावर उतरवायचं, बदल्यात इंधन घ्यायचं आणि पुढे निघायचं. शहरातल्या चाहत्यांना यात नवलाई वाटते, ते त्यावर लांब लांब लेख लिहितात. मला पहिल्याच दिवशी यात नवल वाटलं नव्हतं. आम्ही गोर, म्हणजे बंजारा. आमच्या पणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ नि धान्य लादून अर्धा मुलूख पायाखाली घातला. त्याला आमच्यात लदेणी म्हणतात. मग रेल्वे आली, बैल बसले, माणसंही बसली, आणि जिथे बसली तिथे तांडा झाला. तेरा वर्षांच्या मला पडद्यावर ती जहाजं रांगेनं चालताना दिसली तेव्हा एवढंच वाटलं, की अरे, हे आपलेच लोक आहेत, फक्त यांना रेल्वे भेटलेली नाही.

आणि ज्या भागावर एवढं सगळं उभं आहे तो पहिल्या मालिकेचा शेवटचा भाग मी पाहिलेला नाही. हे चंदालाही माहीत नाही. ग्रुपवर कुणी त्या भागाचा विषय काढला की मी ‘त्यावर बोलायला नको, डोळ्यांत पाणी येतं’ असं लिहितो, आणि लोक समजुतीनं गप्प बसतात. तो भाग लागला त्या रविवारी मी इथेच, पुसदला, सरकारी दवाखान्यात कावीळ घेऊन पडलो होतो. वर्ष नव्व्याण्णव. पिवळे डोळे, पिवळी नखं, तोंडात सारखी कडू चव, आणि उशाशी माझी याडी, म्हणजे आई, लालीबाई, जी तीन दिवस खुर्चीवरच झोपत होती. शेजारच्या खाटेवरचा माझ्याएवढाच मुलगा शुक्रवारी गेला. त्याची गादी उन्हात टाकली होती ती मला खिडकीतून दिसायची. मला मरणाची भीती वाटत होती की नाही ते आठवत नाही. रडत होतो ते मात्र वेगळ्याच कारणानं. पंचविसाव्या भागाच्या शेवटी सत्तावीस नंबरच्या जहाजाचं इंजिन बंद पडलं होतं. सगळ्यात जुनं, सगळ्यात हळू जहाज ते. त्यात म्हातारी माणसं आणि लहान पोरं. मागून काळं वादळ येत होतं आणि कप्तान हेल्डासमोर प्रश्न होता, थांबायचं का जायचं. आठ दिवस मी त्या प्रश्नात अडकलो होतो. याडीला वाटलं ताप डोक्यात गेला. माझा बा, रामसिंग, माझ्या पायथ्याशी उभा राहून सगळं ऐकत होता. तो म्हणाला, “मी पाहून येतो अन् तुले सांगतो.”

पुसदमध्ये तेव्हा दुकानादुकानांत टीव्ही होते. दवाखान्यासमोरच्या हॉटेलातसुद्धा होता. पण बा शनिवारच्या शेवटच्या गाडीनं महागावकडे, आमच्या तांड्यावर गेला, कारण बेडा हा तांड्याचे कारभारी सेवादास यांच्या टीव्हीवर लागतो अशी त्याची पक्की समजूत होती. दुसऱ्या कुणाच्या टीव्हीत दुसरंच काही असेल तर? रविवारी दुपारी तो परत आला. धोतराला धूळ, हातात एक शहाळं. खाटेवर बसला आणि आमच्या गोर बोलीत मला सगळं सांगितलं. बेडा निघून गेला, सत्तावीस मागे राहिलं, नायकण रडली. (हेल्डाला तो नायकण म्हणायचा; तांड्याच्या प्रमुखाला नायक म्हणतात, मग ही नायकणच झाली.) मला हुंदका आला तसा त्यानं माझ्या छातीवर हात ठेवला. म्हणाला, थांब, सरलं नाही. मग ती परत आली. एकटी नाही, सगळी जहाजं घेऊन आली. सत्तावीसच्या भोवती सगळी गोल उभी राहिली, मुक्कामाला तांडा उतरतो तशी. नायकण हसत होती. एवढं सांगून त्यानं शहाळं फोडून आणलं. माझी कावीळ कुठल्या औषधानं उतरली मला माहीत नाही, पण त्या दुपारी मी पहिल्यांदा पोटभर काही प्यालो.

हीच गोष्ट मी राखीला पुण्याच्या भाड्याच्या घरात, ती चार वर्षांची असल्यापासून, सांगत आलो. अर्धवट झोपेत ती विचारायची, मग परत आली? मी म्हणायचो, आली. पण त्याच्याही आधीपासून माझ्या मनात एक कुसळ आहे. दोन हजार अकरा साली ग्रुपवर नागपूरच्या अतुल नावाच्या माणसानं लिहिलं, ‘सत्तावीसला सोडून गेले तेव्हा मी दोन दिवस नीट जेवलो नव्हतो.’ मी कॉम्प्युटर बंद केला. पाच मिनिटांनी पुन्हा चालू केला आणि चालकाचा अधिकार वापरून त्याचं ते वाक्य काढून टाकलं. कारण लिहिलं, ‘वाद नको.’ सज्जन माणूस, त्यानं कुरकुरही केली नाही. तो लिहिताना चुकला असेल, अर्ध्यावरून उठला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पुढची मालिका शंभर वर्षांनंतर सुरू होते आणि तीत सत्तावीसचं नावही निघत नाही, यातच खरं तर काय ते समजायला हवं होतं. मी समजून घेतलं नाही. जुनी मालिका आता बघवत नाही, चित्रं किती बाळबोध आहेत, असं म्हणत तिला हातच लावला नाही.

आणि मग दोन हजार सतरा. श्रावणात याडी गेली. तिसऱ्या आठवड्यात पुण्याच्या ऑफिसात साहेबांनी बोलावून सांगितलं की कॅनडाचं नक्की झालं, पाच वर्षं, कुटुंबासकट. मी दहा मिनिटं मागितली आणि जिन्यात जाऊन उभा राहिलो. बा तांड्यावर एकटा होता. हे सगळ्यांना सांगितलेलं कारण, आणि ते खोटं नाही. पण तांड्यावर एकटे राहिलेले बाप पुष्कळ असतात आणि मुलगे विमानात बसतातच. जिन्यात उभं असताना मला जे दिसलं ते असं, की चाळीस जहाजं वळताहेत. अजून कधी न पाहिलेलं ते दृश्य मला इतकं स्वच्छ दिसलं की मी आत जाऊन नाही म्हणालो, आणि नोकरी सोडून इकडे पुसदला आलो. चंदा महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलली. आज आठ-नऊ वर्षं झाली. बा काही आमच्याबरोबर राहायलाही आला नाही, तांडा सोडत नाही म्हणतो. मी दर रविवारी जातो, तो महिन्यातून एकदा येतो. माझ्याबरोबरचे लोक बर्फात फोटो काढतात. मला त्याचं वाईट वाटतं का? कधी कधी वाटतं, कशाला खोटं बोलू. पण तेव्हा मी ती जहाजं आठवतो आणि निभतं. आता दुपारी ती जहाजं वळली नाहीत तर? बानं आजारी पोराचं मन राखायला थाप मारली असेल तर मी कुणाचं ऐकून परत आलो? आणि हे सगळं राखी शेजारी बसून बघणार, जी जूनमध्ये शिकायला बेंगळुरूला जाणार आहे.

साडेनऊलाच मी स्कूटर काढली. चंदा म्हणाली, गाडी अकराची आहे. मी म्हटलं, पेट्रोल भरायचं आहे. पेट्रोल भरलेलं होतं. निघण्याआधी एक काम मात्र केलं, आणि ते सांगताना माझे कान तापतात: हॉलमधल्या वायफायच्या डबीची वायर हळूच काढली आणि स्कूटरच्या डिकीत टाकली. एक्केचाळीस वर्षांचा बाप्या. पूस नदीच्या पुलावर गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. मे महिन्याचं ऊन साडेनवालाच डोक्यावर आलं होतं. रुमाल बांधलेली माणसं कामाला लागली होती आणि मला वाटत होतं की यांतला प्रत्येक जण तो शेवटचा भाग पाहून बसला आहे. रसवंतीवर उसाचा रस घेतला; कडू लागला. कावीळ झाली की काय म्हणून आरशात डोळे पाहिले. बसस्टँडवर महागावावरून येणाऱ्या उमरखेडच्या गाड्या लागत होत्या, सुटत होत्या. मी ठरवलं की बाला आधीच विचारून टाकू. इथेच, उभ्या उभ्या. बा, खरं सांग, ती परत आली होती का. मग मला वाटलं की तो हो म्हणाला तर विश्वास बसणार नाही आणि नाही म्हणाला तर ऐकवणार नाही. मग विचारायचं तरी कशाला.

बा उतरला तो डोळ्यांवर काळा चष्मा लावून. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता, आज डॉक्टरांना दाखवायचं होतं. त्यानं मला बघून मान हलवली, पिशवी माझ्याकडे दिली आणि मागे बसला. पंचाहत्तरीचा माणूस, पण स्कूटरवर असा हलका बसतो की मागे कुणी आहे हे विसरायला होतं. डॉक्टरांनी डोळा छान आहे म्हणून सांगितलं. वाटेत मी म्हटलं, “बा, राखीनं तो बेडा लावलाय. आज शेवटचा भाग हाय.” गोर बोलीत म्हटलं, पण बा अलीकडे राखीच्या सवयीनं वऱ्हाडीतच उत्तर देतो. “कोनता? नायकणीचा?” तो म्हणाला. “लाव ना मंग. आता दोन्ही डोयानं पाह्यतो.” त्याच्या आवाजात कुठे अडखळ आहे का ते मी ऐकत होतो. रहदारीत काही कळलं नाही.

घरी आलो तर राखी हॉलमध्ये पडदे ओढून, कूलरमध्ये पाणी भरून तयार. “पप्पा, वायफायची वायर गायब झाली. मम्मीले विचारलं, तिले माहीत नाई.” मी म्हटलं, अरेरे, मग राहू दे, पुढच्या रविवारी बघू. “कायले? मोबाइलवरून जोडलं मी,” ती म्हणाली. चंदा दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. तिच्या लक्षात आलं आहे हे माझ्या लक्षात आलं. बा सोफ्यावर मांडी घालून बसला, राखी खाली त्याच्या पायाशी, मी दाराजवळच्या खुर्चीवर, म्हणजे उठून जाता येईल असा. जेवणानंतरची वेळ, बाहेर चिटपाखरू नाही. तेच जुनं हिंदी डबिंग, तोच घोगरा आवाज सुरुवातीला. तेरा वर्षांचा असल्यासारखा मी खुर्चीच्या कडेवर सरकलो, आणि मग मुद्दाम मागे टेकलो.

भाग चाळीस मिनिटांचा होता. मी खोटं सांगणार नाही, तो चांगला होता, मी आजवर पाहिलेल्या सगळ्या बेड्यापेक्षा चांगला होता. कप्तान हेल्डा थांबते. लोक चिडतात, ती थांबते. वादळ जवळ येतं. सत्तावीसमधली एक म्हातारी रेडिओवर येते आणि म्हणते, तुम्ही जा, आमच्याकडे धान्य आहे, आम्ही गाणी म्हणू. चौदाव्या भागात हेल्डाचा एक हात तुटला आहे; त्या बाजूची रिकामी बाही टेबलावर पडलेली दिसते. दुसऱ्या हातानं ती कळ ओढते. चाळीस जहाजं निघतात. एकेक दिवा लहान होतो. सत्तावीसच्या खिडक्यांत पिवळा उजेड आहे. मग काळं येतं आणि तो उजेडही जातो. पडदा पूर्ण काळा झाला. काही झालं नाही. काळ्यावर पांढरी नावं वर सरकू लागली आणि चित्र आकसून कोपऱ्यात गेलं. खाली अक्षरं आली, ‘पुढची मालिका दहा सेकंदांत’.

राखीनं वळून माझ्याकडे पाहिलं. “पप्पा?” ती म्हणाली. “परत आली नाई ती.” तेरा वर्षं मी तिला रोज थाप मारली असं तिला वाटत होतं, आणि मला वाटत होतं सत्तावीस वर्षं बानं मला. बाकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. दुखलं ते इतकं साधं नि जुनं दुखलं की मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसलो. सात, सहा, पाच. आणि मागून बाचा आवाज आला, अगदी रोजचा. “अवं थांब ना. सरलं कुठं? ते अक्षरं जाऊ दे.”

राखीनं घाईनं रिमोट दाबला. चित्र पुन्हा मोठं झालं. नावं सरकत होती: नट, मग कपडे करणारे, मग दिवे लावणारे. मिनिटभर नुसती नावं. बाला वाचता येत नाही. त्यानं शाळा आतून पाहिलेली नाही. तो चष्मा काढून, मान पुढे घालून, त्या नावांच्या पलीकडे बघत बसला होता. आणि नावांच्या मागे, काळ्यातून, एक दिवा आला. मग दुसरा. जहाजं आली. मोठी, लहान, सगळी, नावांच्या मागून फिकट फिकट, आणि मधल्या एका बोजड जहाजाभोवती गोल धरून उभी राहिली. मग हेल्डा दिसली. हसत होती, दोन्ही हात वर करून कुणाला तरी बोलवत होती. बा समाधानानं मागे टेकला. “हे घे,” तो म्हणाला. “आली का नाई? हातबी आला तिचा.”

मी ओळखलं, आणि राखीनंही ओळखलं, कारण तिनं ते आठच दिवसांपूर्वी पाहिलं होतं. पहिल्या भागातलं दृश्य. निघण्याच्या दिवशी सगळी जहाजं धान्याच्या जहाजाभोवती जमतात ते. मालिका संपताना नावांच्या मागे जुनी चित्रं लावतात, रीतच आहे ती. मला वाटलं ती गप्प बसेल. पण राखी माझ्यासारखी नाही, तिच्या पोटात काही राहत नाही. “आजोबा,” ती म्हणाली, “हे पहिल्या भागातलं हाय. जुनं. नावं दाखवताना मागं टाकतात असं.” बानं तिच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. तिनं काय सांगितलं ते त्याला नीट कळलं होतं.

“जुनं असन,” तो म्हणाला. “पन दाखवलं तं शेवटी ना?”

मला राहवलं नाही. मी विचारलं, “बा, त्या दिवशी सेवादास कारभाऱ्याच्या घरी माणसं किती होती?” तो म्हणाला, “ढोरावानी दाटले होते. ओसरीभर.” मी म्हटलं, “मग त्यांनी कुणीच हे कसं नाही सांगितलं? तांड्यावर तर कुणी बोललं नाही.” बा म्हणाला, “ते कायले पाह्यतात? अक्षरं आले का उठले सारे. मी एकलाच होतो. सेवादास म्हने, रामसिंग, सरलं, ऊठ, टीवी बंद करतो. मी म्हटलं, नोको करू.”

“काहून थांबला तू?”

त्यानं चष्मा पुन्हा लावला. चष्म्याच्या काचेत पडदा दिसत होता, नावं अजून सरकत होती. “तू पडेल होता ना इथं,” तो म्हणाला. “ते पोट्टं मेलं होतं बाजूचं. मी तुले काय येऊन सांगतो? सोडून गेले म्हनून सांगतो? मी म्हटलं असं नाई सरत. अजून काई असन. बसलो मंग.”

राखीनं त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. मी खुर्ची दारापासून उचलून आत, त्यांच्याजवळ आणली आणि बसलो. नावं बरीच होती, आणि आम्ही ती सगळी जाऊ दिली.